नसबंदी कोणाची: त्याची की तिची?
दुसऱ्या बाळानंतर भाचीने विचारलं, "मावशी, ऑपरेशन मी करू की ह्यांनी?"

नसबंदीत नळ्या बंद करतात. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्राणू नेणाऱ्या नळ्या, वृषणाच्या पिशवीत कातडीलगतच असतात. जागा बधिर करून, बिनटाक्याचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. बाईच्या बीजवाहिन्या, म्हणजे स्त्रीबीज नेणाऱ्या नळ्या, पोटात खोल. तिथे पोटाला छेद द्यावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते, म्हणून जोखीम आणि विश्रांती दोन्ही जास्त. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत.

पुरुषाच्या बाबतीत गोम एकच: नळीत उरलेले शुक्राणू संपायला सुमारे 3 महिने लागतात. तोवर निरोध वापरा, मग वीर्य तपासून घ्या. 'कमजोरी येते' ही निव्वळ थाप. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक त्या नळीतून जातच नाही, थेट रक्तात मिसळतं.

सिझेरियन होणारच असेल, तर त्याच वेळी तिची करावी. एरवी त्याची. पुन्हा मूल हवंसं वाटेल अशी शंका असेल, तर दोन्ही नकोत, कॉपर-टी बसवा.