शेंडेनक्षत्रासाठी काय घ्यावं: बायनॉक्युलर की टेलिस्कोप?

१६ ऑक्टोबर २०२४, कोजागरी. इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि पश्चिमेला शुक्र नि स्वातीच्या साधारण मधे, जरा वर, त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू, म्हणजेच शेंडेनक्षत्र, होता. शेजारच्या काकांचा नवा टेलिस्कोप पाऊण तास आभाळ चाचपत राहिला. माझ्या जुन्या १०×५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, पन्नास मिलिमीटर भिंगांच्या) बायनॉक्युलरमध्ये तो दोन मिनिटांत सापडला, कापसाच्या फिकट बोळ्यासारखा. शेपूट मात्र चांदण्यानं पुसून टाकली होती.

यात काकांचं काही चुकलं नव्हतं. ७० मिलिमीटर भिंगाचा, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराचा (फोकल लेंथचा) टेलिस्कोप २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, २८ पट मोठं दाखवतो, पण आभाळाचा तुकडा जेमतेम दोन अंशांचा. १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंश मावतात, म्हणजे बारा-तेरा पूर्णचंद्र ओळीनं. चांगल्या धूमकेतूची शेपूट कित्येक अंश पसरते, तेव्हा टेलिस्कोपातून म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघण्यासारखं. वर त्यात चित्र उलटंसुलटं दिसतं, ते वेगळंच.

टेलिस्कोप घ्यायचा तो धूमकेतू गेल्यावरही शनीची कडी आणि चंद्राची विवरं बघत बसणार असाल तर. फक्त धूमकेतूसाठी असेल तर पैसे वाचवा.

बायनॉक्युलरमध्ये ७×५० की १०×५०? हात कापत असेल तर ७. पण ७×५० मधून बाहेर पडणारा प्रकाशझोत सात मिलिमीटरचा, आणि पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली सहसा तेवढी उघडत नाही. उरलेला उजेड वाया. शिवाय इंदूरच्या उजळ आभाळात १०×५० ची पार्श्वभूमी जास्त काळी दिसते. माझं मत १०×५०, कोपरं कठड्यावर टेकवून. विसाच्या वर झूम असलेले स्वस्त मॉडेल हातातसुद्धा धरू नका.

यंत्रापेक्षा जागेनं जास्त फरक पडतो, हे मला उशिरा कळलं. संध्याकाळचा धूमकेतू पश्चिमेला असतो, म्हणून महूच्या पुढची जानापावची टेकडी: इंदूरचा उजेड पाठीशी, ईशान्येला राहतो. पहाटेचा पूर्वेला, तेव्हा तीच टेकडी उपयोगाची नाही. शहर पश्चिमेला ठेवून नेमावर रस्त्यानं बाहेर पडा. गच्ची चालते ती फक्त धूमकेतू खरोखर तेजस्वी असेल तेव्हा, १९९७ च्या हेल-बॉपसारखा.

दोन गोष्टी मात्र पाळाच. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर त्या दिशेला नेऊ नका. आणि डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही पुढच्या आठवड्यात जानापावला गेलो, सगळे गप्प उभे, आणि पुतण्यानं फोटो काढायला मोबाइलचा टॉर्च लावला. परत शून्यापासून.