एसीआर टेस्टसाठी लघवी कधीची द्यायची: सकाळची पहिली, कधीचीही की २४ तासांची?

आईची शुगर १४ वर्षं जुनी, त्यामुळे डॉक्टर वर्षातून एकदा युरिन एसीआर लिहून देतात आणि दरवर्षी आमच्या नौपाड्याच्या घरात तोच गोंधळ, की सँपल नक्की कधीचं द्यायचं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं सकाळची पहिली, लॅबवाला फोनवर म्हणतो कधीचीही चालते हो ताई, आणि काकांना तर मागे अख्ख्या २४ तासांची जमवायला लावली होती. तिन्ही प्रकार घरात होऊन गेलेत, म्हणून ज्याच्या हातात आत्ता चिठ्ठी आहे त्याच्यासाठी लिहितेय.

आधी टेस्ट काय बघते ते. किडनीची गाळणी धड असली की अल्ब्युमिन हे प्रोटीन रक्तातच राहतं, गाळणी सैल पडायला लागली की लघवीत झिरपतं, आणि रक्तातलं क्रिएटिनीन (स्नायूंतून येणारा कचरा, जो किडनी लघवीतून बाहेर टाकते) अजून नॉर्मल असतानाही हे दिसू शकतं, म्हणून तर शुगर-बीपीवाल्यांना ही टेस्ट सांगतात. एसीआर म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन भागिले लघवीतलं क्रिएटिनीन. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, ३०० च्या वर म्हणजे बरंच वाढलेलं. आकडा वाचण्याआधी युनिट बघा, कारण काही रिपोर्टमध्ये ते मिलिमोलमागे असतं आणि तिथे ३ म्हणजे आपले साधारण ३०, उगाच खूश व्हायला नको.

भागाकार कशाला, तर पाण्यासाठी. ताकात पाणी वाढवलं तर मीठही फिकं लागतं आणि जिरंही, पण मिठाचं जिऱ्याशी प्रमाण तेच राहतं ना, तसंच हे. साध्या पट्टीच्या टेस्टला हे जमत नाही, तिला फक्त दाटपणा कळतो, त्यामुळे सकाळपासून चार ग्लास पाणी पिऊन गेलेल्या माणसाचं थोडंसं अल्ब्युमिन ती सोडून देऊ शकते.

मग पाण्याचा प्रश्न मिटला तर वेळेचं एवढं काय? इथेच गंमत आहे. झिरपणंच दिवसभर सारखं नसतं. रात्री आडवं असताना कमी, दिवसा उभं राहिल्यावर, चालल्या-धावल्यावर जास्त. काही पोरांमध्ये तर, खास करून वयात येणाऱ्या उंच शिडशिडीत मुलांमध्ये, दिवसा उभं असताना प्रोटीन जातं आणि झोपून उठल्यावरची लघवी एकदम स्वच्छ, आणि तो बहुतेक वेळा किडनीचा आजार नसतो. अशा मुलाची दुपारची लघवी दिली की घरचे आठवडाभर जेवत नाहीत. माझ्या भावाचं थोडं वेगळं झालं, रविवारी सकाळी उपवनला धावून येऊरचा चढ चढून आला आणि घामेजल्या अंगाने थेट लॅबमध्ये, रिपोर्टमध्ये ६८. दोन आठवड्यांनी आदल्या दिवशी व्यायाम बंद ठेवून सकाळची पहिली दिली तर ११. मधले १४ दिवस वहिनीने त्याच्या ताटात मीठ पडू दिलं नाही ते वेगळंच.

म्हणून सकाळची पहिली लघवी हाच माझ्या मते पहिला पर्याय, आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर मग विचारच करू नका. अडचण एकच, आई पाचला उठते आणि सँपल न्यायला घरी येणारा लॅबचा मुलगा साडेआठला, तोपर्यंत तिचे दोन चहा आणि तीन फेऱ्या झालेल्या असतात, आणि लॅबमध्ये तीच चौथी 'सकाळची' म्हणून जाते. उपाय म्हणजे डबी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायची, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार घ्यायची, झाकण घट्ट लावून डबीवर वेळ लिहायची, आणि द्यायला उशीर असेल तर फ्रिजमध्ये.

कधीचीही दिलेली अगदीच वाया जाते असं नाही हां. ऐरोलीहून ठाण्याला सुट्टी टाकून येणं दर वेळी जमत नाही, मी स्वतः ऑफिसजवळ दुपारी तीनला दिलीय. ती ३० च्या खाली आली तर प्रश्न मिटला. वर आली तर मात्र घाबरायच्या आधी सकाळची पहिली देऊन परत बघायचं. आणि सकाळचीही वाढलेली आली तरी एका रिपोर्टवर शिक्का बसत नाही, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेली आली तरच धरतात. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, फारच चढलेली शुगर किंवा बीपी, आदल्या २४ तासांत जिम, यातलं काही असेल तर तारीख पुढे ढकला, वेळ कुठलीही असो.

आता २४ तासांची. कागदावर सगळ्यात पक्की, कारण चढ-उतार सगळे एकाच कॅनमध्ये येतात, आणि व्यवहारात सगळ्यात जास्त फसते. पहिल्या दिवशी उठल्यावरची टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची. कॅन थंड जागी. काकांनी हे सगळं केलं आणि मधेच वाशीला साखरपुड्याला जाऊन आले, तिथे हॉलमध्ये काय कॅन घेऊन जाणार? चोरी पकडली क्रिएटिनीनने. धडधाकट पुरुषाच्या लघवीत दिवसाला किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनीन जातं, काका ७० किलोचे म्हणजे १४०० तरी हवं, वय धरून थोडं कमी समजू, पण आलं ७५० च्या आसपास. म्हणजे निम्मी लघवी वाशीतच राहिली. सगळं परत.

तरी डॉक्टरांनी मुद्दाम लिहिली असेल तर टाळू नका. प्रोटीन खूप जात असेल आणि नेमकं किती ते हवं असेल तेव्हा, वारंवार मुतखडा होणाऱ्यांना कॅल्शियम, ऑक्झलेट बघायला, किंवा जिथे भागाकारच फसवा आहे तिथे ती लागते. फसवा कसा, तर क्रिएटिनीन स्नायूंतून येतं, त्यामुळे पिळदार जिमवाल्याचा एसीआर उगाच कमी दिसतो आणि वाळलेल्या आजीचा उगाच जास्त. अशा वेळी दिवस रविवारचा निवडा आणि घरातून हलू नका.

आईचं या वर्षी सकाळची पहिलीवर ठरलं. फ्रिजवरून मात्र वाजलंच, नैवेद्याच्या दुधाशेजारी ती डबी ती मेली तरी ठेवू देणार नव्हती, शेवटी जुन्या टिफिनमध्ये बर्फ भरून तो बाल्कनीत ठेवला आणि साडेआठच्या मुलाच्या हातात टिफिनसकट दिला. टिफिन परत नको म्हणाली.