समुद्रतळाचे भ्रंश की तापीकाठचे?

जळगाव-धुळ्याकडे फिजिक्स किंवा जिऑलॉजीत बीएस्सी करून भूकंपशास्त्राकडे वळायचं म्हटलं, की भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या ज्या भेगेवरून खडक घसरून भूकंप होतो ती, नेमका कुठला अभ्यासायचा हा प्रश्न येतोच.

तापीकाठचं काम घरापासून जवळ आणि आपल्या माणसांच्या उपयोगाचं. पण १९३८ साली सातपुड्यात झालेला सहाच्या वरचा भूकंप सुमारे ४० किलोमीटर खोलीवरचा होता, जबलपूरचा १९९७ चाही साधारण ३५ किलोमीटर खोलीवरचा. असे धक्के पिढ्यापिढ्यांनी येतात, आणि भ्रंश गाळाखाली दडलेला. नोंदी कमी, त्यामुळे संयम फार लागतो.

समुद्रतळावर उलट. पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, म्हणजे भूपट्ट, जिथे एकाखाली एक जातात तिथे भूकंप सतत होतात, पण तिथवर पोचणंच अवघड. जीपीएसचा संदेश पाण्यात शिरत नाही, म्हणून जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळावरच्या यंत्रांचं अंतर मोजतात. हा खटाटोप का करायचा, ते ११ मार्च २०११ ला जपानमध्ये दिसलं: किनाऱ्यावरची जमीन पाचएक मीटर सरकली, तर समुद्रतळावरचं मोजमापाचं एक ठाणं तब्बल २४ मीटर! जमिनीवरून याचा नुसता अंदाजच बांधता आला असता. न्यूझीलंडजवळ २०१४ मध्ये तर भ्रंश काही आठवडे हळूहळू घसरत राहिला. कुणाला धक्का जाणवला नाही, पण पाण्याच्या दाबावरून तळ ५ सेंटिमीटरपर्यंत उचलल्याचं कळलं.

तळावरचा भूकंपमापक जहाजावरून सोडून देतात. तो कुठल्या दिशेला तोंड करून बसला, हे नंतर नोंदींवरूनच शोधावं लागतं. खाली जीपीएसवरून वेळ जुळवता येत नाही, म्हणजे घड्याळही हळूहळू चुकत जातं, ती चूक हिशेबातून काढायची. परत बोलवायचं तर वरून आवाजाचा इशारा देतात, लोखंडी वजन सुटतं आणि यंत्र तरंगत वर येतं. कधी येतही नाही, आणि वर्षभराच्या नोंदी गेल्या!

माझं मत समुद्राच्या बाजूने, कारण भ्रंश घसरतो कसा याची उत्तरं तिथे लवकर मिळतील. जहाजावर जाणं जमणार नसेल तरी अडत नाही, बऱ्याच नोंदी मोफत उतरवून घेता येतात. मात्र आपल्या गावातली घरं किती हादरतील हाच प्रश्न छळत असेल, तर बेलाशक तापी निवडा. काळ्या मातीवर आणि गाळावर धक्का कसा वाढतो, याचं काम इथेच राहून करता येतं.

गणित आणि पायथन ही संगणकभाषा दोन्हीकडे लागतं. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तेव्हा तयारी दुसऱ्या वर्षापासूनच धरा.