सोळाशेचा मल्टीमीटर, एक बल्ब आणि गाडीचं इग्निशन : आठेक महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. गाडी आठ-दहा वर्षांच्या पुढे गेली असेल आणि बॉनेट उघडायला तुम्ही कचरत नसाल, तर दीड-दोन हजारांचा ऑटो-रेंजिंग (रेंज स्वतःच निवडणारा) डिजिटल मल्टीमीटर जरूर घ्या. त्याहून महागाची गरज इग्निशनच्या कामात मला तरी पडली नाही. मात्र त्याच फेरीत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन-तीन मीटर वायरही घ्या. नुसत्या मीटरवर विसंबलात तर तो ऐन वेळी गंडवतो. कसा, ते पुढे येईलच.

मीटर मी इंदूरच्या जेल रोडवरून घेतला, बल्ब-होल्डर इथल्याच छोटी ग्वालटोलीतून. मीटर ६००० काउंटचा (म्हणजे आकडा साधारण ६००० पर्यंत दाखवणारा), ६०० व्होल्टपर्यंतचा, १० अँपिअरची वेगळी खाच असलेला. 'मिन-मॅक्स' (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं) आणि 'रेल' (आधीचा आकडा वजा करणारं) ही दोन बटणं आहेत. त्यातलं दुसरं घेताना फालतू वाटलं होतं, आता सगळ्यात जास्त तेच दाबलं जातं.

घ्यायचं कारण असं, की आमची बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक दुपारी उन्हात उभी राहिली की सेल्फ घेईना. चावी फिरवली की नुसतं 'टक', कधी तेवढंही नाही. डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख. सकाळी गार असताना पहिल्या फटक्यात चालू. तिकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक झालाय आणि इकडे आमचं वाहन लोकमान्य नगरातल्या फाटकाबाहेर यायला तयार नाही! एका दुकानात मीटरही न लावता निदान झालं, "भिया, बैटरी गई आपकी." बॅटरी बदलली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मग नवं निदान आलं, "अब सेल्फ खोलना पड़ेगा." तिथून मी जेल रोड गाठला.

मीटरने सर्वांत आधी बॅटरीला निर्दोष सोडलं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटरचंही बरं चाललंय. सेल्फ फिरत असताना आकडा १०च्या खाली जाऊ नये. आता गंमत बघा. दुपारी बिघाड हजर असताना, चावी स्टार्टवर धरून ठेवली तेव्हा बॅटरीवर ११.९ होते. सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते. ती खरंच ओढत असती तर आकडा इतका वर राहिलाच नसता. म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतच नव्हता, आणि जिला करंटच मिळत नाही ती मोटर खोलून काय बघणार?

इथे कामाला आली ती व्होल्टेज ड्रॉपची पद्धत. माझ्या मते गाडीसाठी मीटर घ्यायचं हेच मुख्य कारण. आपण सहसा काळी पिन बॉडीला लावतो आणि लाल पिन फिरवत 'इथे बारा आहेत, तिथे बारा आहेत' असं बघत जातो. ड्रॉप मोजताना दोन्ही पिना एकाच वायरच्या दोन टोकांना लावायच्या आणि त्या वायरमधून करंट वाहत असताना वाचायचं. वायर, कपलर (वायरींचा खटक्याचा जोड), स्विच सगळं निरोगी असेल तर आकडा शून्याच्या जवळ. जितका आकडा, तितके व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले.

लाल पिन बॅटरीच्या प्लसवर लावली. क्लँपवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर, कारण खुंटी आणि क्लँप यांच्यामध्येच कित्येकदा भानगड असते. काळी पिन सेल्फच्या सोलेनॉइडला (मोटरला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचला) येणाऱ्या बारीक वायरवर. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, पुतण्या चावीवर.

"काका, धरून ठेवू की सोडू?"

"धर. धर... सोड."

३.९ व्होल्ट! बॅटरीवर ११.९, म्हणजे सोलेनॉइडच्या पदरात जेमतेम आठ. ते आठ सकाळी कसेबसे पुरायचे, दुपारी नाही. याला कारण आहे. तांब्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, सोलेनॉइड इंजिनला चिकटून तापलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी आणि ओढ कमी. 'दुपारीच का?' या प्रश्नाला दुकानात फक्त खांदे उडवले गेले होते.

मग वाट तुकड्या-तुकड्याने मोजली. बहुतेक वायरिंगच्या आकृत्यांत आणि रिलेंवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचांवर) दिसणारे आकडे जर्मन डिन ७२५५२ मानकातले आहेत : ३० म्हणजे कायम बॅटरी, १५ म्हणजे चावी 'ऑन'ला मिळणारा प्लस, ५० म्हणजे स्टार्ट, ३१ म्हणजे अर्थ. रिलेचे ८५-८६ हे कॉइलचे, ३०-८७ कॉन्टॅक्टचे. जपानी वळणाच्या गाड्यांत चावीच्या स्विचवर बहुधा बी, आयजी, एसटी अशी अक्षरं असतात. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, कपलरच्या मागून टाचण्या सरकवल्या (मीटरच्या मूळ पिना तिथे शिरत नाहीत) आणि पुतण्याला परत बसवलं. बॅटरीपासून स्विचपर्यंत ०.३. स्विचच्या ३० ते ५० मध्ये, म्हणजे स्विचच्या पोटात, ३.१. तिथून सोलेनॉइडपर्यंत ०.५. चोर सापडला.

स्विच खोलला तर तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा काळा खळगा आणि बाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळायला आलेलं. या गाडीत स्टार्टर रिले नव्हताच. सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधूनच जायचा. स्विचचा विजेचा भाग वेगळा मिळतो, कुलूप तेच राहतं, त्यामुळे चावी बदलावी लागली नाही. जोडीला एक साधा चार पिनांचा रिले बसवून घेतला. आता चावीवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार, तो साधारण ०.१५ अँपिअर. त्यानंतरचा अख्ख्या वाटेचा ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत आहे आणि मेमधल्या उन्हातही गाडीने तक्रार केली नाही.

अर्थची बाजू बहुतेक जण बघतच नाहीत. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या ब्लॉकवर, सेल्फ मारताना ०.२च्या आत यायला हवं. जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी काढून घासा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता बल्बाकडे. आत्येभावाची जुनी, एकाच इग्निशन कॉइलवर (प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी) चालणारी गाडी पावसाळ्यात गतिरोधकावर बंद पडायची, कधी चालता-चालता. मेकॅनिकने कॉइल सांगितली होती. गाडी बंद पडलेली असतानाच बघितलं, चावी ऑन केल्यावर कॉइलच्या प्लसवर येणाऱ्या मोकळ्या वायरवर १२.३ व्होल्ट. मीटरवर भरवसा ठेवला असता तर कॉइलच आणायला गेलो असतो. त्या वायरला २१ वॅटचा बल्ब लावून दुसरं टोक अर्थला धरलं, तर बल्ब लालसर, मिणमिणता, आणि मीटरवर सहाच्या खाली. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टला तो जेमतेम मायक्रोअँपिअरभर करंट ओढतो. वायरचा एकच केस शाबूत असला, कपलरमध्ये हिरवा गंज साचला, तरी एवढा करंट आरामात जातो आणि मीटर छातीठोकपणे बारा दाखवतो. नर्मदेच्या नळाची तोटी बंद ठेवून दाब मोजावा, तसला प्रकार. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे सोंग टिकत नाही. काचेखालच्या जाळीतून पाणी झिरपून खालचा कपलर हिरवा झाला होता. घासला, पिना आवळल्या, बल्ब लख्ख. कॉइलचे पैसे वाचले.

'बीप' ऐकून वायर ठीक आहे असं ठरवणाऱ्यांनाही हेच सांगणं. बीप त्या एका केसावरही वाजतो.

ओहमच्या रेंजबद्दल माझं मत जरा कडवट आहे. नुसत्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी माझा मीटर ०.३ दाखवतो, 'रेल' दाबून ते वजा करायचं. जुन्या पद्धतीच्या कॉइलची प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) साधारण दीड ते तीन ओहम, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांची बऱ्याचदा एकच्याही खाली, तिथे ०.३ची चूक म्हणजे सगळा हिशेबच गेला. सेकंडरी (प्लगच्या बाजूचं) काही हजार ओहमची असते, ती बरी मोजता येते. पण सेल्फच्या जाड केबलमधला दोष ओहमवर शोधायचा विचारही नको. ०.०१ ओहम हा मीटर दाखवूच शकत नाही, आणि तेवढाच रोध १०० अँपिअरला अख्खा एक व्होल्ट खातो. ड्रॉप मोजताना तोच दोष ठसठशीत दिसतो.

प्लगवरच बसणाऱ्या कॉइल्समध्ये तर बऱ्याचदा आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे ओहम मोजून हाती काही लागत नाही. त्यांच्यासाठी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर बरा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं. पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करायची, कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. पी०३५१ आला की लोक सरळ कॉइल आणतात. तो कोड कॉइलच्या सर्किटबद्दल बोलतो, त्यात कपलर, प्लसची वायर, सिग्नलची वायर सगळं आलं. आणि चावीच्या स्विचमध्ये ३.१ व्होल्ट जळताहेत, यासाठी माझ्या गाडीत कुठलाच कोड नव्हता.

तक्रारी बऱ्याच आहेत. सोबतच्या लीड्स आखूड. बॅटरीपासून स्टिअरिंगखाली पोचायला वायर जोडून लांब कराव्या लागल्या. ऑटो-रेंज ठरवायला मीटर इतका वेळ घेतो की सेल्फची टक होऊन जाते, म्हणून रेंज हाताने अडकवून ठेवावी लागते. 'मिन-मॅक्स'चा वेग मंद, त्यामुळे सेल्फ मारतानाचा अगदी तळाचा आकडा तो पकडतो असं मी धरून चालत नाही. चालू इंजिनमध्ये प्लगच्या वायरींजवळ गेला की आकडे सैरभैर नाचतात. उन्हात डिस्प्ले वाचता येत नाही, एका हाताने सावली धरावी लागते.

लूज कॉन्टॅक्ट शोधताना, म्हणजे वायर हलवत-हलवत बघताना, मी अजूनही वडिलांचा मोटवाने कंपनीचा काट्याचा मीटर काढतो. काटा क्षणभर पडला की डोळ्यांना कळतं. डिजिटलवर आकडे गोंधळतात, पण नेमकं कधी काय झालं हे समजत नाही. नव्या मीटरमध्ये आकड्यांखाली सरकणारी पट्टी असेल तर तो घ्या, माझ्यात नाही.

काही गोष्टी करू नयेत. प्लगच्या वायरीला मीटर लावू नका, तिथे वीस-तीस हजार व्होल्टांचा मामला असतो आणि हा ६००चा आहे. कॉइलच्या मायनस टोकाचंही तेच. चालू इंजिनमध्ये तिथे तीन-चारशे व्होल्टांचे झटके उठतात. पिवळ्या कपलरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, मीटरही नको आणि बल्ब तर मुळीच नको. ईसीयूच्या (गाडीच्या संगणकाच्या) आणि सेन्सरच्या वायरींवरही बल्ब लावू नका, तो करंट त्यांना झेपत नाही. आणि सेल्फचा करंट १० अँपिअरच्या खाचेतून मोजायचा उद्योग करू नका. त्यासाठी डीसी क्लँप मीटर लागतो, तो बराच महाग.

तीच १० अँपिअरची खाच उभ्या गाडीतली गळती मोजायला मात्र छान. मायनसची केबल काढून मध्ये मीटर घातला, दारं बंद करून सगळं झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबलो. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं की चिंता नाही. मोजून झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावायची सवय करा, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर पिना टेकवल्या की सरळ शॉर्ट. तेव्हा मीटर वाचवतो तो आतला सिरॅमिकचा फ्यूज. तो सियागंजात विचारत फिरलो तर बहुतेक ठिकाणी त्याच मापाचा काचेचा पुढे केला गेला. काचेचा घेऊ नका. बॅटरीच्या शॉर्टला तो फुटू शकतो, आत ठिणगी धरून राहू शकते. सिरॅमिकच्यात वाळू असते, ती ठिणगी विझवते. मीटर घेतानाच त्याच्या दुकानातून दोन जादा घेऊन ठेवा.