आठ महिन्यांच्या वापरानंतर: नवशिक्यांसाठीचा घड्याळदुरुस्ती संच

आमच्या फोंड्याच्या घरात आजोबांचे खिशातले घड्याळ कित्येक वर्षे कपाटात बंद पडून होते. आजोबा मुंबईला नोकरीस असताना त्यांनी ते घेतले होते. तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव आणि आत पंधरा ज्वेलचे (चाकांच्या टोकांना आधार देणाऱ्या खड्यांचे) स्विस यंत्र. चावी पूर्ण भरलेली, पण चाल नाही. 'कोणीतरी चावी जास्त दिली' असे आई सांगत असे. घरोघरी सांगितले जाणारे हे कारण सहसा खरे नसते. जुने तेल वाळून चिकट होते, चाके अडतात आणि कमान, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, ताणलेलीच राहते. हे घड्याळ आपणच दुरुस्त करावे, या हट्टापायी मी गेल्या मार्चमध्ये २,६०० रुपयांचा संच मागवला. त्यात नऊ स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग, यंत्र धरायचा साचा, झाकण उघडायची सुरी, फुंकर मारायचा रबरी फुगा आणि तेलाची एक बाटली होती.

आजोबांच्या घड्याळाला पहिले दोन महिने मी हातच लावला नाही. एका घड्याळजींकडून बंद पडलेले एचएमटी जनता मनगटी घड्याळ घेतले आणि ते पुन्हा पुन्हा खोलून जोडले. कमानीतला ताण आधी हळूहळू सोडल्याशिवाय पॅलेट (चाकांना अडवत-सोडत चालवणारा भाग) काढायचे नाही, हा नियम मी वाचला होता. तरी एकदा विसरलो आणि सगळी चाके क्षणभर भर्रकन फिरली. नशीब, दाता तुटला नाही.

या संचाची खरी परीक्षा स्क्रूड्रायव्हरमध्ये होते, आणि तिथेच तो सर्वांत कमी पडतो. पात्यांचे पोलाद मऊ आहे आणि त्यांचा आकार पाचरीसारखा असल्यामुळे ती स्क्रूच्या खाचेत तळापर्यंत बसत नाहीत, जोर दिला की वर सरकतात. अशाच एका सरकण्याने आजोबांच्या घड्याळाच्या पुलावर, म्हणजे चाके धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, केसासारखा बारीक पांढरा ओरखडा उमटला, तो आता कायमचा. पाते खाचेच्या लांबीइतके रुंद आणि टोकाशी समांतर हवे, हे कळल्यावर मी सहाणेसारख्या तेलदगडावर तीन पाती घासून घेतली. आता तीच तीन वापरतो, उरलेली सहा पेटीत शोभेला आहेत. संचासोबतच्या माहितीपत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: अनेक घड्याळांत चावीच्या बाजूच्या चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा तो सोडवत नाही, मोडतो.

दुसरी तक्रार चुंबकत्वाची. स्क्रूड्रायव्हरचे टोक बारीक स्क्रू उचलते, ही मला आधी सोय वाटली. जूनमध्ये घड्याळ प्रथमच चालू झाले, पण दिवसाला पंधरा मिनिटे पुढे जाऊ लागले. मोबाईलमधील होकायंत्राजवळ धरताच सुई हलली, तेव्हा उलगडा झाला. हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटली होती. स्प्रिंगची कामाची लांबी घटली की बॅलन्सचे, म्हणजे तिला जोडलेल्या मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचे, हेलकावे जलद होतात. चुंबकत्व घालवणारे छोटे यंत्र वेगळे घ्यावे लागले.

तेलाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती बाटली फेकून द्यावी. बॅलन्सच्या ज्वेलला पातळ तेल लागते, चावीच्या भागांना घट्ट ग्रीस लागते आणि पॅलेटच्या खुंट्यांना तेल लावतच नाहीत. एकाच बाटलीने हे भागत नाही. ज्वेलची वाटी काठोकाठ भरली तर तेल पसरून नको तिथे जाते, हेही मी दोनदा सगळे धुऊन शिकलो.

चिमटे मात्र अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. भिंग स्वच्छ आहे, पण गोव्याच्या पावसाळ्यात ते डोळ्याला लावताच धुरकटते. कडेला तापवलेल्या सुईने छिद्र पाडल्यावर त्रास संपला. जुलैत इथे हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, आणि जुन्या घड्याळांतील निळ्या पोलादाच्या हेअरस्प्रिंगला गंज चढायला घामेजल्या बोटाचा एक स्पर्शही पुरतो. संचात बोटांचे रबरी मोजे नाहीत, ही मोठी उणीव. भाग झाकून ठेवायच्या काचेच्या वाट्याही नाहीत; मी स्वयंपाकघरातील काचेचे पेले उपडे घालतो आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. चतुर्थीच्या गडबडीत एकदा सगळे तसेच उघडे राहिले आणि कमान उलटी सुटू न देणाऱ्या खटक्याची स्प्रिंग नाहीशी झाली. ती तीन दिवसांनी माटोळीखालच्या (गणपतीच्या वर फळे-पाने टांगायच्या चौकटीखालच्या) केरात सापडली.

ज्यांना केवळ सेल बदलायचे किंवा पट्टा लावायचा आहे, त्यांना हा संच पुरेसा आहे. वारशातले घड्याळ उघडणाऱ्याने तीन चांगले स्क्रूड्रायव्हर, एक चिमटा आणि दोन प्रकारचे तेल सुटे घ्यावे. खर्च जवळजवळ दुप्पट होतो, पण ओरखडे वाचतात. तुटलेला बॅलन्सचा दांडा बदलणे मात्र या संचाच्या आणि माझ्याही आवाक्याबाहेरचे आहे, ते काम घड्याळजींचेच.

आजोबांचे घड्याळ सध्या तबकडी वर ठेवून दिवसाला चाळीस सेकंद पुढे जाते आणि उभे टांगले की दीड मिनिट मागे पडते. बॅलन्सचा तोल अजून नीट नाही. पुढच्या पावसाआधी ते एकदा पुन्हा खोलायचे आहे.