आयुष्यभर करायचे आणि शिकवायचे कराटे: शोतोकान की गोजू-र्यू?

कराटे दोन-चार वर्षे करून सोडून द्यायचे असेल, तर जवळपास जो चांगला वर्ग असेल तो धरावा. शैलीचा विचार करत बसण्याची गरज नाही. मात्र ज्याला पहिला दान (काळ्या पट्ट्याची पहिली पायरी) मिळालेला आहे, ज्याच्या हाताखाली चार मुले शिकू लागली आहेत आणि ज्याला साठी-सत्तरीतही डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, उभे राहायचे आहे, त्याने आपली शैली आपल्याला शेवटपर्यंत पुरेल का, हे एकदा थांबून तपासावे. मी अठरा वर्षे शोतोकान या शैलीचे कराटे केले, त्यांतली दहा शिकवण्यात गेली. नंतर गोजू-र्यू या दुसऱ्या शैलीकडे वळून पुन्हा पांढरा पट्टा बांधला आणि त्यालाही आता चौदा वर्षे होत आली. दोन्ही घरांचे मीठ मी खाल्ले आहे. माझा कल कुणीकडे आहे हे वाचणाऱ्याला कळल्यावाचून राहणार नाही, परंतु ज्या शैलीने मला उभे राहायला शिकवले तिच्यावर अन्याय होऊ नये, एवढी काळजी मी घेणार आहे.

सुरुवात शिकवण्यापासून करतो, कारण तिथे शोतोकानची बाजू भक्कम आहे. हेयानचे पाच काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) मुळात पिनान या नावाने ओकिनावाचे कराटे-शिक्षक आन्को इतोसू यांनी शाळकरी मुलांचा विचार करून बांधले. कराटे शाळांत शिकवले जावे म्हणून त्यांनी 1908 साली लिहिलेले दहा कलमांचे पत्र कराटेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यामुळे तीस-चाळीस मुलांना ओळीत उभे करून, आकडे मोजत, एका आवाजात शिकवण्याची सोय या शैलीच्या हाडामासांतच आहे. हेयान शोदान (पहिला) बसला की निदान (दुसरा), निदान बसला की सांदान (तिसरा), अशा पायऱ्या चढताना मुलाला आपण कुठे आहोत आणि पुढे काय आहे हे स्वच्छ दिसते, आणि पालकांनाही ते समजते. गोजू-र्यूत असा जिना आधी नव्हता. तिचे संस्थापक चोजुन मियागी यांनी 1940 मध्ये गेकिसाईचे दोन काता नवशिक्यांसाठी रचले आणि ते चांगले आहेत. तरीही शैलीचा कणा सांचिन हा काता आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला सांचिन आवडावा अशी अपेक्षा धरणे चूक आहे. त्यात लाथ नाही, उडी नाही, पाहणाऱ्याने दाद द्यावी असे काही नाही. शिवाय तो शिकवताना एकेकाजवळ जाऊन हात लावून तपासावा लागतो, त्यामुळे मोठ्या वर्गात तो पुरतेपणी शिकवला जातच नाही. ज्याला मुलांचे मोठे वर्ग चालवायचे आहेत, त्याने शोतोकानच घ्यावे असे मी आजही सांगेन.

शिकवणाऱ्याचे स्वतःचे वय वाढते तेव्हा चित्र थोडे बदलते. शोतोकानमध्ये विद्यार्थी डोळ्यांनी शिकतो. सेन्सेईने, म्हणजे शिक्षकाने, झेनकुत्सू-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) खोल उतरून, कंबर फिरवून, ओई-झुकी (पाऊल पुढे टाकत मारायचा ठोसा) करून दाखवायची आणि समोरच्या ओळीने तिची प्रतिमा उचलायची. एका संध्याकाळी तीन वर्ग असले की हे दाखवणे शंभराच्या घरात जाते, आणि त्यात हयगय केली तर ती लगेच समोरच्या ओळीत उमटते. गोजू-र्यूत शिकवण्याचा बराच भाग हातांतून जातो. सांचिनमध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यांवर तळहात टेकवून ते वर चढलेले नाहीत ना हे पाहायचे, बगलेखालचा स्नायू आवळलेला आहे का, मांड्या आतून धरलेल्या आहेत का, हे चाचपायचे. या तपासणीला शिमे म्हणतात.

दुसरा अभ्यास काकिए. दोघांनी समोरासमोर उभे राहून मनगटे एकमेकांना टेकवायची, एकाने ढकलायचे आणि दुसऱ्याने ते बळ घेऊन, वळवून, परत द्यायचे. माझ्या निम्म्या वयाचा विद्यार्थी समोर असतो, ताकदीने माझ्याहून सरस असतो. पण ढकलण्याच्या क्षणभर आधी त्याचा श्वास अडतो आणि खांदा किंचित उचलला जातो. तो उचलला गेल्याचे डोळ्यांना दिसण्याआधी माझ्या मनगटाला कळते. मग मी फक्त मनगट थोडे खाली नेतो आणि त्याच्या टाचा जमिनीवरून सुटतात. त्याला काय चुकले ते शब्दांत सांगावे लागत नाही. हे शिकवणे मला सत्तरीतही जमेल असा विश्वास वाटतो. खोल पवित्र्यातली ओई-झुकी दिवसातून शंभरदा दाखवणे जमेल का, याविषयी मला खात्री देता येत नाही.

असे असले तरी मी शैली बदलली ती यापैकी कशासाठीही नव्हे. कारण तसे लहान होते, आणि कदाचित दुसऱ्या कुणाला ते कारणच वाटणार नाही.

आयुष्यभर कराटे करायचे म्हणजे त्यातला मोठा हिस्सा एकट्याने, वर्ग नसलेल्या दिवशी, जी जागा मिळेल तिथे करायचा असतो. माझी जागा म्हणजे एक खोली. हेयान शोदानची रचना आठवून पाहा: दोन्ही बाजू झाल्या की वळून समोर गेदान-बाराई (खालचा बचाव), आणि मग एकापाठोपाठ तीन आगे-उके (हात वर नेऊन केलेला बचाव) पुढे जात. तिसऱ्या आगे-उकेवर कियाई, म्हणजे जोराची आरोळी. झेनकुत्सू-दाची जितकी लांब घ्यायला हवी तितकी घेतली, तर त्या तिसऱ्या पावलावर माझी वर गेलेली कोपराखालची बाजू भिंतीला लागत असे. ज्या जागी सगळी ताकद आणि सगळा आवाज एकवटायचा, नेमक्या त्याच जागी अंग आवरून घ्यावे लागे. शोतोकान करणाऱ्या प्रत्येकाला यावरचा तोडगा ठाऊक असतो: दुसऱ्या पावलानंतर थांबायचे, दोन पावले मागे सरकायचे आणि पुढे चालू करायचे. पण कातामध्ये एम्बुसेन म्हणून जी रेषा असते, ती जिथे सुरू होते तिथेच संपायला हवी. मध्ये मागे सरकलेल्या माणसाला आपण योग्य जागी परत आलो की नाही, हे कधीच कळत नाही. ही किरकोळ तक्रार आहे हे मला मान्य आहे. पण ती रोजची होती, आणि रोजची किरकोळ तक्रार वर्षानुवर्षे साठत गेली की सरावाला बसण्याआधीच मन कच खाऊ लागते. आज खोली लहान आहे, उद्या वर्गातच करू, असे मी स्वतःला किती वेळा सांगितले याची गणती नाही.

शेवटी मी पवित्रा आखूड केला. तीन पावले भिंतीआधी बसू लागली, कियाई मोकळी झाली, आणि मला प्रश्न सुटल्यासारखा वाटला. दीड-दोन वर्षांनी एका वर्गात एका मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचा झेनकुत्सू-दाची मला आखूड दिसला. मी त्याच्या मागे गेलो, वाकून त्याची मागची टाच धरली आणि ती वीतभर मागे ओढली. पुढच्या पावलाला तो पुन्हा तितकाच आखूड उभा राहिला. तिसऱ्या वेळी मी त्याच्या शेजारी उभा राहून दाखवले, आणि खाली पाहिले तर आमची दोघांची पावले एका मापाची होती. त्याने चूक केली नव्हती. त्याने मला पाहून शिकले होते. माझी खोली माझ्या पायांत उतरली होती आणि माझ्या पायांतून वर्गात. त्या दिवशी मला वाटले की जी गोष्ट मी एकट्याने असताना पूर्ण करू शकत नाही, ती मी दुसऱ्याला पूर्ण शिकवू शकणार नाही.

सांचिनला एका चटईएवढी जागा पुरते. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, पाय किंचित आत वळलेला, आणि पाऊल अर्धवर्तुळात सरकत पुढे. मियागी यांनी जो सांचिन बसवला त्यात वळणेही नाहीत. पुढे जायचे आणि त्याच तोंडाने मागे यायचे. मी तो करतो तेव्हा त्यात कशाची काटछाट करत नाही. पवित्रा डोजोत जितका तितकाच खोलीत, श्वास तितकाच लांब. तेन्शो या काताचेही तसेच. सेइयुन्चिनसारखे काता तिरप्या रेषांत पसरतात आणि त्यांना मोकळी जागा लागते, हे खरे; परंतु रोजच्या सरावाचा गाभा भिंतीपाशी अडत नाही, एवढे मला पुरेसे झाले.

या तक्रारीवर शोतोकानच्या आतूनही उत्तर देता येते, आणि निर्णय घेणाऱ्याने ते ऐकूनच पुढे जावे. शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांची 1920च्या दशकातली छायाचित्रे पाहिली तर ते आजच्यापेक्षा पुष्कळ उंच आणि आखूड उभे असलेले दिसतात. पवित्रे लांब आणि खोल होत गेले त्यात त्यांचे चिरंजीव योशिताका यांचा वाटा मोठा मानला जातो. म्हणजे आखूड पवित्रा हा शोतोकानला परका नाही. आणि तेक्की हे काता तर आहेतच: आडव्या रेषेत दोन-चार पावले एका बाजूला, तितकीच दुसऱ्या बाजूला, बस्स. तेक्कीच्या तीन कातांसाठी आपण दहा वर्षे दिली, असे फुनाकोशी सांगत. मीही सुमारे वर्षभर घरी केवळ तेक्की शोदान केला, आणि त्या वर्षाने माझ्या मांड्यांना आणि कमरेला जे दिले ते अजून टिकून आहे. तरीही माझ्यापुरते सांगायचे तर तेक्कीने भूक पुरती भागली नाही, कारण वर्गात गेलो की पट्ट्यांच्या परीक्षांसाठी लांब पवित्र्यांचाच अभ्यासक्रम शिकवायचा होता, आणि एकट्याचा सराव व शिकवण्याचे काम या दोन वेगळ्या वाटा होत गेल्या. ज्याच्या संघटनेत ज्येष्ठ शिक्षकांना त्यांच्या वयाच्या पवित्र्यात उभे राहण्याची मोकळीक आहे, त्याला ही अडचण कदाचित येणारही नाही.

गोजू-र्यूकडे वळणाऱ्याने काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. सांचिनमध्ये सर्व अंग आवळून जोरकस श्वास सोडायचा असतो, आणि तो चुकीचा शिकला, म्हणजे श्वास कोंडून केला, तर रक्तदाब असलेल्या माणसाला तो मुळीच हितकर नाही. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण ताकदीचा सांचिन करू नये आणि शिक्षकानेही करवून घेऊ नये. मी स्वतः आता आठवड्यातून पाच दिवस तो मऊ श्वासाने करतो आणि एकदाच पूर्ण ताणाने. गुडघ्यांविषयी मी निवाडा देणार नाही. शोतोकानमध्ये वळताना पाऊल रुतलेले आणि गुडघा पुढे गेलेला असेल तर गुडघा दुखावतो, आणि गोजू-र्यूच्या शिको-दाची या रुंद पवित्र्यात गुडघे बाहेर वळलेल्या पावलांच्या रेषेत नीट धरले नाहीत तर तोही तितकेच दुखवतो. दीर्घायुष्याचा हिशेबही कुणी मांडू नये. फुनाकोशी 1868 ते 1957 असे अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले, आणि मियागी 1888 ते 1953, म्हणजे पासष्ट. आकड्यांनीच निवड करायची असती तर मी जागचा हललो नसतो.

बदलताना मनाला जड जाते ते पट्ट्याचे. माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांच्या मागे, शेवटच्या ओळीत उभे राहायला मला सुरुवातीला अवघड गेले. शोतोकानचा लांब हात आणि झटका सांचिनच्या जवळच्या, आवळलेल्या हातात येऊ न देण्यासाठी मला तीनेक वर्षे लागली. नव्या सेन्सेईंनी त्याबद्दल एकदाही घाई केली नाही. पस्तिशीच्या आत असलेल्या, स्पर्धेची आवड असलेल्या आणि मोठी जागा हाताशी असलेल्या माणसाला मी हा बदल करायला सांगणार नाही.

बाकीच्यांनी निर्णयापूर्वी तीन महिने एक वही ठेवावी. वर्ग नसलेल्या प्रत्येक दिवशी आपण एकट्याने काय केले, किती वेळ केले आणि केले नसेल तर का नाही, एवढेच तीत लिहावे. माझ्या त्या वहीत एकाच कारणाची पुन्हा पुन्हा नोंद होती. ज्यांच्या वहीत तसे काही सापडणार नाही, त्यांनी खुशाल शोतोकानमध्ये राहावे. मोकळे मैदान मिळाले की मी आजही कांकू-दाई हा शोतोकानचा काता करतो, पूर्ण लांबीचा, पासष्टच्या पासष्ट हालचालींचा, आणि संपल्यावर सुरुवातीला मातीत केलेली खूण पायाखाली आली का ते पाहतो. बहुतेक वेळा ती वीतभर डावीकडे राहिलेली असते.