भूमिका आणि वर्तन : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

सामाजिक मानसशास्त्रातील ‘भूमिका’ या एकाच संकल्पनेवर बेतलेला आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला दोन ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचायला एक मूळ शोधनिबंध, जोडीने करायचा स्वाध्याय आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी अशी त्याची आखणी आहे. माणसाच्या वागण्यात त्याचा स्वभाव किती आणि त्याच्या वाट्याला आलेली भूमिका किती, हा प्रश्न ज्यांना स्वस्थ बसू देत नाही त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा. पाचव्या आठवड्याबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे.

आधी चांगले सांगतो. तिसऱ्या आठवड्यात ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिकवतात. दोघांपैकी एकाने प्रश्नकर्ता व्हायचे आणि दुसऱ्याने उत्तरे द्यायची, आणि कोण काय होणार हे सर्वांसमक्ष नशिबावर सोडायचे. प्रश्नकर्ता आपल्या माहितीच्या विषयातले दहा अवघड प्रश्न काढतो, त्यामुळे समोरचा अडखळतो. तरीही उत्तरे देणाऱ्याला आणि बघणाऱ्यांनाही प्रश्नकर्ताच अधिक जाणकार वाटतो. स्वाध्यायात आम्ही नेमके हेच केले. माझ्या जोडीदाराने पक्ष्यांच्या स्थलांतरावर दहा प्रश्न विचारले आणि मला तीन उत्तरे आली. निबंध मी आदल्या रात्रीच वाचला होता, यात माझी फसगत कशी होणार हे मला पुरते ठाऊक होते, आणि तरीही सामान्य ज्ञानाला गुण द्यायची वेळ आली तेव्हा मी त्यांना आठ आणि स्वतःला पाच दिले. मग भूमिका बदलल्या. मी जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांवर आणि जुळणीवर प्रश्न काढले, आणि दहा मिनिटांपूर्वी ठामपणे बोलणारा तोच माणूस चौथ्या प्रश्नाला आवाज खाली आणून म्हणाला, “माफ करा, हे मला यायला हवं होतं.” ते त्यांना का यायला हवे होते? विषय मी निवडला होता. चिठ्ठी उलटी निघाली असती तर आधी मीच त्या आवाजात बोललो असतो, हे त्या क्षणी जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही व्याख्यानातून कळले नसते.

चौथा आठवडाही तितकाच कसदार आहे. सीमोर लीबरमन यांचे १९५६ चे संशोधन प्रयोगशाळेतले नाही, अमेरिकेतल्या एका कारखान्यातले आहे. आधी सर्व कामगारांची मते नोंदवून ठेवली होती. पुढे त्यांतले काही फोरमन (मुकादम) झाले, तर काही संघटनेचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले. फोरमन झालेल्यांची मते व्यवस्थापनाकडे झुकली, प्रतिनिधी झालेल्यांची संघटनेकडे. पुढे कामे कमी झाल्यावर काही फोरमन पुन्हा साधे कामगार झाले, तेव्हा त्यांची मतेही बऱ्याच अंशी मूळ जागी आली. हे संशोधन फारसे कुणाला माहीत नसते, आणि अभ्यासक्रमाने त्याला पूर्ण आठवडा दिला याबद्दल मी आयोजकांचा खरोखर ऋणी आहे.

आता पाचवा आठवडा. त्यात १९७१ च्या ऑगस्टमधला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरातला तुरुंग-प्रयोग आहे. दिवसाला १५ डॉलर घेऊन आलेले तरुण, कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे यदृच्छेने ठरवणे, आरशासारखे चष्मे, कैद्यांना नावाऐवजी क्रमांक, आणि दोन आठवडे चालायचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागणे, हे सारे व्याख्यानात प्रभावीपणे येते. मात्र, पहारेकऱ्यांना कुणीही काही शिकवले नव्हते, केवळ गणवेश चढवल्याने ते क्रूर झाले, हा व्याख्यात्यांचा निष्कर्ष टिकणारा नाही. प्रयोगाचे प्रमुख संशोधक फिलिप झिम्बार्डो स्वतः त्या तुरुंगाचे अधीक्षक होते. कैद्यांच्या मनात भीती आणि असहायता कशी निर्माण करता येईल, हे त्यांनी पहारेकऱ्यांशी आधीच बोलून ठेवले होते. मागे मागे राहणाऱ्या एका पहारेकऱ्याला वॉर्डनचे काम करणारा विद्यार्थी अधिक कठोर होण्यास सांगतो, याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिबो ल तेक्सिए यांनी २०१९ मध्ये या प्रयोगाच्या दप्तराची जी चिकित्सा प्रसिद्ध केली, तिचा व्याख्यानात उल्लेखसुद्धा नाही. अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांनी बीबीसीसाठी असाच तुरुंग उभारला, तेव्हा पहारेकऱ्यांनी आपली भूमिका मनापासून स्वीकारलीच नाही आणि कैदी एकजुटीने त्यांच्यावर भारी पडले. तेही गाळले आहे. भूमिका माणसाला बदलते हे खरेच आहे, पण ती त्याच्या हातात कोण देतो, देताना काय सांगतो आणि घेणारा ती आपली मानतो का, हे वगळले तर विद्यार्थ्याच्या हाती अर्धेच सत्य पडते.

चाचणीत पहारेकऱ्यांच्या वागण्याचे कारण विचारले होते. ‘भूमिका आणि संशोधकांच्या सूचना’ हा पर्याय मी निवडला. तो चुकीचा ठरला आणि त्या एका गुणाने मी अनुत्तीर्ण झालो. शिक्षकांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे होते : मुद्दा योग्य आहे, परंतु चाचणी व्याख्यानावर आधारलेली असल्याने त्यानुसार उत्तर द्यावे. दुसऱ्या प्रयत्नात मी नुसत्या ‘भूमिका’ या शब्दापुढे खूण केली आणि प्रमाणपत्र मिळवले. याचे मला वाईट वाटते, आजही वाटते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले होते की, सहभागी माणूस संशोधकाला काय हवे आहे याचा अंदाज घेतो आणि चांगला सहभागी ठरावे म्हणून तसेच वागतो. बेरजा करून प्रत्येक कागदाचे तुकडे करा असे सांगितले, तर तेही तासन्‌तास करतो. तुरुंग-प्रयोगावरचा एक जुना आक्षेप हाच आहे, आणि ऑर्न यांचा निबंध या अभ्यासक्रमात कुठेही नाही.

सहाव्या आठवड्यातली स्टॅनली मिलग्रॅम यांच्या प्रयोगांची मांडणी नीट आहे; संशोधकाने सांगितले म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे धक्के देत कुठवर जातो, हे त्यांनी तपासले होते. सूचना देणारा खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून बोलू लागला की आज्ञापालन एकदम घसरते, हे तक्त्यासह दाखवले आहे. हीच काटेकोर नजर आदल्या आठवड्यात का नव्हती, हे मला उमगत नाही. शेवटचे दोन आठवडे आधीच्या सामग्रीची उजळणी आहे. घाई असेल तर तेथील व्याख्याने वगळून थेट निबंध वाचावेत. व्याख्यानांच्या तळओळी (उपशीर्षके) अचूक आहेत, आणि स्वाध्यायासाठी जोडीदार दर वेळी बदलून मिळतो ही सोय उत्तम आहे.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. अभिप्रायाच्या अर्जात मी ऑर्न, हॅस्लम-रायकर आणि ल तेक्सिए यांचे निबंध सुचवले आहेत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर बदलण्याची विनंतीही केली आहे. ते बदलले गेले तर आणखी अर्धा तारा मी आनंदाने जोडेन. तोवर नव्या विद्यार्थ्यांनी हे तीन निबंध चौथ्या आठवड्याच्या अखेरीस स्वतःच वाचून घ्यावेत.